पाच जोड्यांच्या दहा चाब्या

माझ्या टेबलाशी येणारा माणूस पिशवीतून वाद्य नंतर काढतो, तक्रार आधी. "सूर टिकत नाही," म्हणतो आणि तारांना बोल लावतो. काहीजण हवेला लावतात. भिलाईचा उन्हाळा, कारखान्याची धूळ, कूलरची ओल. चाबीवर मात्र कोणाचाही संशय जात नाही. वाद्याच्या डोक्यावर बसलेली ती बोटभर वस्तू इतकी साधी दिसते की माणूस तिला पिळतो आणि विसरून जातो. नोकरी संपल्यावरची माझी सगळी वर्षं त्या बोटभर वस्तूत गेली. नोकरीतली वर्षंही तिच्याच थोरल्या भावंडांत गेली होती.

ज्यांनी मेंडोलिन जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सतारीला लाकडी खुंट्या असतात, त्या भोकात घट्ट अडकून राहतात. मेंडोलिनला आठ तारा असतात, पण जोडीजोडीने. दोन तारा अगदी शेजारी आणि दोघींचा सूर एकच. त्या जोडीमुळेच त्याचा आवाज भरलेला आणि झिणझिणता येतो. पण जोडीतली एक तार केसभर जरी उतरली तरी दोन सूर एकमेकांवर आपटतात आणि आवाज डोलायला लागतो. एकेरी तारेचं वाद्य थोडं उतरलं तर ऐकणाऱ्याला कळायला वेळ लागतो. जोडतारांचं वाद्य लगेच चहाडी करतं. म्हणून त्याला खुंटी पुरत नाही, दात्यांचं यंत्र लागतं. त्यालाच आमच्याकडे चाबी म्हणतात. तिचा कान पिळला की आतला पेच फिरतो. पेचाच्या आट्यांमध्ये एका लहान चाकाचे दाते अडकलेले असतात. ते चाक म्हणजे गरारी. ती हळूहळू फिरते आणि तिच्या दांड्यावर तार गुंडाळली जाते. पेच गरारीला फिरवतो, पण गरारी पेचाला फिरवू शकत नाही. म्हणून तार कितीही जोरात ओढत असली तरी चाबी जिथे सोडली तिथेच थांबते. थांबायला हवी.

हेच यंत्र हत्तीएवढं केलं की त्याला गिअरबॉक्स म्हणतात. हथखोजच्या एका कारखान्यात मी असे गिअरबॉक्स तपासायचो. माझं गाव आमगावकडचं. वडील शेती सोडून भिलाईला आले आणि कोक ओव्हनच्या धगीत त्यांनी आयुष्य काढलं. माझं शिक्षण आधी जिल्हा परिषदेच्या शाळेत झालं, मग दुर्गच्या कॉलेजात. आमच्या घराण्यात पदवीचा कागद पहिल्यांदा माझ्यामुळे आला. वडिलांनी तो फ्रेम करून भिंतीवर लावला आणि पाहुण्यांना वाचून दाखवायला मलाच बोलवायचे. कॉलेजात भौतिकशास्त्राच्या सरांनी मला व्हर्नियर धरायला शिकवलं. "आकडा तुझ्या मनात आहे तो लिहू नको, पट्टीवर आहे तो लिही," असं ते म्हणायचे. त्या एका वाक्यावर माझी नोकरी झाली. आयुष्यात एकदाच मी ते वाक्य विसरलो. ते कसं, ते पुढे येईलच.

वाद्यांकडे मी उशिरा वळलो. दुर्गच्या एका वाद्यांच्या दुकानात हार्मोनियमची दुरुस्ती करणारे एक म्हातारे मास्टरजी होते. दर रविवारी मी त्यांच्याकडे जाऊन बसायचो. त्यांनी पैसे न घेता सगळं दाखवलं. फक्त चहा मी आणायचा आणि तो त्यांना कधीच पुरेसा गोड लागायचा नाही.

रिसालीत घर बांधलं तेव्हा पुढच्या ओसरीत टेबल टाकलं. पहिलं गिऱ्हाईक शेजारच्याच गल्लीतलं होतं. रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. त्यांच्या मेंडोलिनच्या चाब्या जिच्यावर असतात ती धातूची डावी पट्टी उजवीकडे आणि उजवी डावीकडे बसवलेली होती. अशाने चाब्या उलट्या फिरतात. त्याहून वाईट म्हणजे तारेचा ताण गरारीला पेचाजवळ ढकलण्याऐवजी पेचापासून दूर ओढतो आणि दाते लवकर झिजतात. मी पट्ट्यांची अदलाबदल केली, तेल दिलं आणि मोठ्या समाधानाने वाद्य परत केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते हजर.

"हे काय करून ठेवलं जी? मी चढवतो तर उतरते, उतरवतो तर तुटते!"

"आधी उलटं होतं. आता बरोबर आहे."

"वीस वर्षं मी उलटंच वाजवून राहिलो. आता या वयात सुलटं कुठून शिकू? जसं होतं तसं करून द्या."

तसं करून दिलं. दाते झिजतील हे तीनदा सांगितलं. ते म्हणाले, "माहे दात पडले, तिचेही पडू द्या." तेव्हापासून मी एक नियम केला आहे. वाद्याआधी माणसाचा हात पाहायचा.

आता सुरेखाताईंची गोष्ट. लिहायला बसलो ते या गोष्टीसाठीच.

सुरेखाताई फुंडे राहतात सेक्टर दोनमध्ये. यजमान ब्लास्ट फर्नेसला. लग्नाआधी त्या नागपूरला एका ऑर्केस्ट्रात मेंडोलिन वाजवायच्या. इथे आल्यावर जसगीतांच्या मंडळीत जाऊ लागल्या. जसगीतं म्हणजे छत्तीसगढी देवीची गाणी. नवरात्रात गावोगावी त्यांच्या स्पर्धा होतात. मांदर, झांज, हार्मोनियम आणि गळा फाडून गाणारे गडी. त्या मंडळीत ही एकटी बाई, तीही मराठी. मंडळीचे मुखिया देवांगन जी स्वतः हार्मोनियमवर बसतात. माणूस सरळ, पण जिभेला धार.

ताई पहिल्यांदा आल्या तेव्हा वाद्य ओढणीत गुंडाळलेलं होतं. उघडलं तर पाच जोड्या! आठ नव्हे, दहा तारा.

"पाच जोड्या कावून?" मी विचारलं.

"आमच्या मंडळीतले गडी खालच्या सुरात गातेत, भाऊ. चार जोड्यांत मले तिथपर्यंत उतरताच येत नाही. मी वर, ते खाली, मधात खड्डा. मग रायपूरच्या एका कारागिराकडून हे बनवून घेतलं. तो आता गेला. चाब्या सगळ्या बदलून द्या, पण लाकडाले हात नाही लावायचा."

चाब्या खरंच मेलेल्या होत्या. कारागिराने इकडचे तिकडचे तुकडे जोडून भागवलं होतं. तीन गराऱ्यांचे दाते गेलेले, बाकीच्यांचे जाण्याच्या वाटेवर.

"घाई आहे का?"

"नवरात्रात स्पर्धा आहे. देवांगन जी म्हणतेत, तुम्ही वाजवता कमी अन् सूर मिळवता जास्त. आता स्टेजवर तसं झालं तर माही जागा गेली समजा. कीबोर्डवाला पाहून ठेवला त्यांनी. त्याले मिळवावंच लागत नाही न!"

मला काम समजलं. म्हणजे तेव्हा तसं वाटलं.

बाजारात मेंडोलिनच्या चाब्या पट्टीवर चार-चार अशा येतात. गिटारच्या तीन-तीन, बारा तारांच्या गिटारच्या सहा-सहा. पाच-पाच कोणी बनवत नाही, कारण असं वाद्यच कोणी बनवत नाही. मला वाटलं, चारची पट्टी घेऊ आणि शेजारी एक सुटी लावू. व्हर्नियर काढलं. ताईंच्या वाद्यात एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत एकवीस मिलिमीटर, पट्टीवर तेवीस. दोन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण पहिलं भोक जुळवलं की दुसरं दोनने चुकतं, तिसरं चारने, चौथं सहाने. चौथा दांडा भोकाऐवजी लाकडावर येऊन बसतो. बारा तारांच्या पट्टीतला एक कापून पाच करावेत तर तिचं अंतर त्याहून जास्त. सुट्या चाब्या मागवल्या, तर प्रत्येकीच्या बुडाची पट्टी इतकी रुंद की शेजारणीच्या मांडीवर बसेल. त्यातल्या त्यात लहान मागवल्या तर त्यांचे दांडे भोकात खुळखुळले.

दुर्ग झालं, रायपूर झालं, नागपूरला भाचीच्या साखरपुड्याला गेलो तेव्हा साखरपुडा सोडून दुकानं पालथी घातली. बायको अजून ऐकवते. रायपूरच्या दुकानदाराने तर सल्लाच दिला, "अंकल, पाँच वाली आती ही नहीं. दीदी को बोलो एक जोड़ी कम कर ले."

मी ताईंना हे जसंच्या तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्याले म्हणा, आधी तू एक बोट कमी कर."

शेवटी ठरवलं की जुन्या पट्ट्या आणि दांडे ठेवायचे, आणि आतले पेच आणि गराऱ्या नव्याने बनवायच्या. अंतराचा प्रश्नच मिटला. हथखोजला शालिकराम भाऊंचं छोटं लेथ आहे. कारखान्याच्या मशीन शॉपमधून निवृत्त झालेला टर्नर, हात सोन्याचा. जुन्या गराऱ्या त्यांच्या तळहातावर ठेवल्या. पितळेच्या होत्या.

"पितळ!" शालिकराम भाऊ म्हणाले. "भिलाईत राहून पितळ? अरे, साऱ्या देशाले रूळ आपण देऊन राहिलो अन् एका बाईच्या बाज्याले पितळ लावायचं? पेचासारख्या याही पोलादाच्या बनवू. तिच्या नातीपर्यंत चालतील."

मी त्यांना अडवलं नाही. उलट मला ते आवडलं. आजही आमच्यात वाद आहे की पोलाद आधी कोण म्हणालं. ते म्हणतात मी, मी म्हणतो ते. इथे राहणाऱ्या माणसाला पोलादाबद्दल जे वाटतं ते बाहेरच्याला समजायचं नाही. आमच्या घरात भाकरी त्याच्यावर आली, माझी फी त्याच्यावर भरली गेली. ते कुठे कमी पडेल हे मनात येतच नाही.

आणि मी कोण? गिअरबॉक्स तपासणारा माणूस. त्या गिअरबॉक्समध्ये पेच पोलादाचा असतो, पण चाक काशाचं असतं. नेहमी. एक धातू कडक, एक मऊ. मऊ चाक कडक पेचाशी घासून घासून त्याच्या आकाराचं होतं, मग दोघं गुळगुळीत चालतात. दोन्ही कडक घेतले तर एकमेकांना ओरबाडतात. हजारो चाकं मी हातात घेतली आहेत. पोलादाचं चाक आलं असतं तर मी पाहताक्षणी बाजूला टाकलं असतं. स्वतःच्या ओसरीत मात्र मला ते दिसलं नाही.

गराऱ्या झाल्या. निळसर काळ्या, सुंदर. मी बसवल्या, सूर मिळवला, वाद्य एक दिवस भिंतीला टांगून ठेवलं. दुसऱ्या दिवशी दहाही तारा जिथल्या तिथे. मी ताईंना मोठ्या ऐटीत म्हणालो, "घ्या. आता हे भिलाईचं काम आहे."

टांगून ठेवलेल्या वाद्याची तपासणी ही तपासणी नव्हे. गिअरबॉक्सला आम्ही भार देऊन तासन्तास चालवायचो, मगच शिक्का मारायचो. इथे शिक्का आधीच मारून झाला होता.

स्पर्धा उतईकडच्या एका गावात होती. मी मुद्दाम गेलो. खरं सांगतो, माझं काम ऐकायला गेलो. तिसऱ्या ओळीत बसलो. प्रत्येक मंडळीला अर्धा तास. मंडळी मंचावर चढली की घड्याळ सुरू, वेळ संपला की घंटी. सूर मिळवण्याचा वेळही त्यातच धरतात.

पहिलं गाणं चांगलं झालं. दुसऱ्याच्या मध्यावर खालच्या जोडीतली एक तार उतरली. आवाज डोलायला लागला. ताईंनी वाजवता वाजवता चाबी पिळली. काहीच झालं नाही. अजून पिळली, तर तार एकदम उडी मारून वर गेली. दोन खडबडीत दाते एकमेकांवर अडकून बसतात, वाजवण्याच्या हादऱ्याने घसरतात, मग तार उतरते. आणि पिळलं की आधी हलत नाहीत, मग धक्क्याने हलतात. हे मला तिथे बसल्या बसल्या समजलं. त्यांना कसं समजणार? त्यांना वाटलं आपला हात चुकतो आहे. दुसरं गाणं संपल्यावर त्या थांबल्या, मिळवू लागल्या. एक जोडी मिळाली की दुसरी बिघडायची. मंचावर सगळे गडी गप्प बसलेले, घड्याळ चाललेलं.

सूत्रसंचालकाने माइक उचलला. "दीदी, मैंडोलिन घर से मिला के लाया करो. यहाँ देवी माई इंतजार कर रही है."

सगळा मांडव हसला. ताईंनी मान वर केली नाही. मी तिसऱ्या ओळीत होतो. माझ्या शेजारचा माणूस मला म्हणाला, "बाई के कान कच्चे हैं." मी ऐकून घेतलं. एका शब्दाने बोललो नाही.

तिसरं गाणं कसंबसं झालं, चौथं सुरू होण्याआधीच घंटी वाजली.

चार दिवसांनी ताई आल्या. वाद्य टेबलावर ठेवलं. आवाज नेहमीचाच.

"देवांगन जींनी मले झांज देली."

"म्हणजे?"

"म्हणजे मंडळीत राहा, पण झांज वाजवा. कीबोर्डवाला आला. झांजेले मिळवावं लागत नाही, म्हणे." मग म्हणाल्या, "भाऊ, खरं सांगा. माहा कान गेला का?"

मी त्यांच्यासमोरच पट्टी उघडली. पेचांवर ओरखडे, गराऱ्यांवर तसेच ओरखडे, मध्ये लोखंडाचा काळा चुरा. भिंग त्यांच्या हातात दिलं आणि सगळं समजावून सांगितलं. धातू चुकला, तपासणी चुकली, दोन्ही मी केलं. कान शाबूत आहे.

त्यांनी बराच वेळ भिंगातून पाहिलं. मग भिंग खाली ठेवून म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही तिथंच बसले होते न?"

"हो."

"मग कावून नाही बोलले?"

मी टेबलावरचा काळा चुरा पुसू लागलो. बायकोने चहा आणला, तो त्यांनी घेतला नाही.

शालिकराम भाऊंना सांगितलं तेव्हा ते आधी रागावले, मग लेथजवळच्या डब्यात हात घालून एक जुनी काशाची बुश काढली. कुठल्याशा मोटारीच्या दांड्याभोवतीचं जाड कडं. "हे घे. अन् मले पुन्हा पोलादाचं नाव सांगू नको." एवढं बोलून स्वतःच सांगू लागले की पोलाद पेचात असलं पाहिजे, चाकात नाही. जसं काही मीच विसरलो होतो. मीच विसरलो होतो म्हणा.

या खेपेला घाई केली नाही. एक गरारी कापायची, एका नव्या पेचाबरोबर घासायची बारीक पावडर लावून हाताने शेकडो वेळा फिरवायची, धुवायची, पुन्हा फिरवायची. दोघांची ओळख पटली की मग दुसरी. प्रत्येक गरारी तिच्याच पेचाबरोबर राहिली पाहिजे म्हणून मी दहा काडेपेट्या घेतल्या आणि त्यांच्यावर आकडे घातले. थंडीचे दोन महिने त्यात गेले.

मग तपासणी. ताईंना बोलावलं आणि ओसरीत बसवलं. त्या दिवशी मंचावर तापणारे हॅलोजन दिवे होते म्हणून मी एक हॅलोजन भाड्याने आणला आणि भर दुपारी त्यांच्या डोक्यावर लावला.

"वाजवा."

"किती वेळ?"

"मी थांबा म्हणेपर्यंत."

"मले काय पापड समजून राहिले का जी?" त्या म्हणाल्या, पण वाजवत राहिल्या. दोन तास. आत कुकरच्या शिट्ट्या, बाहेर भाजीवाला, गल्लीतली पोरं फाटकाला चिकटलेली. मी दर दहा मिनिटांनी दहाही तारा ट्यूनरवर पाहत होतो आणि वहीत लिहीत होतो. मनातला आकडा नाही, पट्टीवरचा. दुसऱ्या तासाला वरच्या जोडीतली एक किंचित उतरली. ती चाबी काढली, तिची गरारी पुन्हा घासली. चार दिवसांनी पुन्हा हॅलोजन, पुन्हा दोन तास. काहीच उतरलं नाही.

"झालं," मी म्हणालो. "आता घेऊन जा."

त्यांनी वाद्य ओढणीत गुंडाळलं. "नेते. पण वाजवू कुठं? तिथं तर सगळ्यांले वाटते बाईले मिळवता येत नाही. चाबी बदलली म्हणून लोकांचं बोलणं थोडंच बदलते?"

हे मी भार देऊन तपासलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी देवांगन जींच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. पोलाद, कासं, तिसरी ओळ. मी म्हणालो, तुम्ही एकदा ताईंना ऐका.

"ऊ तो हम सुन लेंगे," ते म्हणाले. "हमको तो लगा था कुछ गड़बड़ है. आठ साल से बजा रही है, एक दिन में कान खराब होता है क्या? पर हम भी गुस्से में थे, झांझ पकड़ा दिए. गलती हमारी भी है." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "लेकिन ये बात हमको घर में बता के का फायदा, मेंढे जी? हँसा तो पूरा गाँव था. जहाँ बात बिगड़ी, वहीं बोलो. चैत नवरात्रि में उसी मंच पर जाना है."

"माइकवर?" माझ्या तोंडून मराठीच निघालं.

"तो क्या कान में बोलोगे?"

मी आयुष्यात कधी माइक हातात धरला नव्हता. कारखान्याच्या निरोप समारंभातही माझ्या वतीने दुसऱ्याने आभार मानले होते. आठ दिवस मी चार वाक्यं लिहून पाठ केली. बायको म्हणाली, "एवढा अभ्यास बी. एस्सी.ला केला असता तर प्रथम श्रेणी आली असती."

चैत्रातल्या स्पर्धा दिवसाही होतात. आमच्या मंडळीची पाळी दुपारी आली. कीबोर्डवाला होता, त्याला काढलं नव्हतं. ताई त्याच्या शेजारी मेंडोलिन घेऊन बसल्या. सूत्रसंचालक तोच होता. देवांगन जींनी त्याच्या हातून माइक घेतला आणि माझ्या हातात दिला. मी मंचाच्या कडेला उभा होतो. पाठ केलेली वाक्यं गेली.

"मैं मेंढे. रिसाली में रहता हूँ," मी म्हणालो. "पिछली नवरात्रि में इसी मंच पर इन दीदी का मैंडोलिन बार-बार उतरा. आप लोग हँसे. इनके कान में कोई खराबी नहीं थी. चाबी मैंने बनवाई थी. गलत धातु की बनवाई, जाँच भी ठीक से नहीं की. मैं उस दिन यहीं बैठा था, तीसरी लाइन में. मुझे सब समझ में आ गया था. फिर भी मैं चुप रहा."

मग मागून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, "त काबर चुप रहे, बबा?" म्हणजे, मग गप्प का राहिलास?

"शरम के मारे," मी म्हणालो.

तेव्हा लोक हसले. या वेळी माझ्यावर. सूत्रसंचालकही हसला, मग ताईंकडे वळून त्याने हात जोडले.

मला वाटलं अजून काही बोलायला हवं. ताईंचं नाव घेऊन माफी मागायला हवी, नीट मराठीत. मी माइक पुन्हा तोंडाशी नेला. तेवढ्यात मंचावर बसल्या जागेवरून ताईंचा आवाज आला. हळू, पण माइकमध्ये आला.

"भाऊ, उतरा आता खाली. आमच्या अर्ध्या तासातले तीन मिनिटं तुम्हीच खाल्ले."

मी उतरलो. देवांगन जींनी सूर धरला, मांदर सुरू झाला. मी स्पीकरच्या बाजूला उभा राहून फक्त ताईंच्या डाव्या हाताकडे पाहत होतो. चार गाणी झाली. घंटी वाजेपर्यंत तो हात एकदाही चाब्यांकडे गेला नाही.